पावणेपाच किलोची लेक

२१ नोव्हेंबर

डॉक्टर काहीही म्हणोत, माझी लेक माहेरी अर्धपोटी राहणार नाही. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मन डळमळलं तर वाचायला बरं.

दानेश्वरी काल पुण्याहून आली. सातवा महिना सरत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथे सोलापुरात, बाळीवेशीतच. अनिलकुमारांनी गाडीतून बॅगांच्या आधी एक छोटी पेटी उतरवली. मला वाटलं, दागिने असतील. निघालं बोट टोचून साखर बघायचं यंत्र. जावईबापू चपला काढता काढताच म्हणाले, "आई, गरोदरपणातला मधुमेह निघालाय. घाबरण्यासारखं नाही, पण सांभाळायला हवं."

घाबरतंय कोण? मला राग आला. माझ्या दानीला मधुमेह!

दुपारी तिने स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं. दोन फुलके, वाटीभर मटकी, काकडी, ताक. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर ॲग्नेस ईस्टरच्या आधी चाळीस दिवस असंच जेवायच्या. पण त्यांच्या पोटात बाळ नव्हतं.

आणि समोरच्या भिंतीवर तो फोटो. आमची मार्केट यार्डात गुळाची आडत आहे, चौथी पिढी. घरात बाळ जन्मलं की बाराव्या दिवशी आडतीतली जुनी पितळी तागडी घरी आणायची. एका पारड्यात बाळ, दुसऱ्यात गूळ. बाळाच्या भाराइतका गूळ पेठेत वाटायचा. दानी जन्मली तेव्हाच पावणेपाच किलोची होती. बाराव्या दिवशी ह्यांनी पाच किलोची ढेप ठेवली, तरी दानीचं पारडं खाली. फोटोत तिच्या मनगटांना वळ्या पडल्यात, आणि मागे मी उभी, जणू सोलापूर मीच जिंकलंय. घराण्यात अजून तो भार कुणी मोडलेला नाही.

त्या पोरीला आता दोन फुलके.

२६ नोव्हेंबर

इथल्या डॉक्टरांकडे नाव घातलं. डॉक्टर म्हणजे पोरगीच आहे, दानीपेक्षा लहान असेल. केस कापलेले, बोलणं गोड. गोड बोलणाऱ्यांशी भांडायला जड जातं, तरी मी भांडले.

ती म्हणाली, "काकू, बाळ मोठं म्हणजे बाळ सुदृढ, असं नसतं. आईच्या रक्तात साखर जास्त असली की ती बाळाकडे जाते, आणि बाळ नुसतं फुगतं. अशी मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यात रक्तदाबाचे, हृदयाचे त्रास जास्त दिसतात. सगळ्यांनाच होतात असं नाही. पण आपण आत्ता सांभाळू शकतो, तर सांभाळायचं."

मी दानीकडे बोट दाखवलं. "ही बघा. पावणेपाच किलोची होती. काय झालंय हिला?"

दानीने टेबलावरची गोळ्यांची पट्टी हळूच पर्समध्ये सारली. रक्तदाबाची गोळी घेते ती, तीन वर्षं झाली. कॉलेजात पोरांना फिजिक्स शिकवायचं म्हणजे डोकं तापणारच.

मग डॉक्टरने मला विचारलं, "दानेश्वरीच्या वेळी तुम्हाला काही त्रास झाला होता?"

त्रास? मी तर राणीसारखी होते. माझ्या सासूबाई ताटावरून उठू द्यायच्या नाहीत. तहान मात्र फार लागायची. हे उशाशी पाण्याचे दोन तांबे भरून ठेवायचे, आणि पहाटे दोन्ही रिकामे. आणि मोरीत मी जाऊन आले की मुंग्यांची रांग लागायची. सासूबाई हसायच्या, म्हणायच्या, "गोड पोर येतंय, मुंग्यांना आधी कळलं." काय दिवस होते ते!

डॉक्टरचं पेन थांबलं. "काकू, तुम्ही स्वतःची साखर कधी तपासलीत?"

मी म्हटलं, "पेशंट ही आहे."

परत येताना चष्म्याच्या दुकानात गेले. वर्षात दुसऱ्यांदा नंबर बदललाय. वय झालं, दुसरं काय.

२ डिसेंबर

डॉक्टरने साखर बंद सांगितली. मी घरातली साखर बंद केली. डबा शेजारी देऊन टाकला, म्हणजे कुणी म्हणायला नको. चहा बिनसाखरेचा, खीर नाही, पेढा नाही. पण गूळ बंद असं कुणी सांगितलेलं नाही. गूळ म्हणजे साखर नव्हे. त्यात लोह असतं, गूळ रक्त वाढवतो. आमच्या चार पिढ्या त्यावर उभ्या आहेत. सकाळच्या आंबिलीत एक खडा, दुपारी शेंगापोळीचा चतकोर, संध्याकाळी डिंकाचा एकच लाडू. दानी विचारते, "आई, ह्यात साखर नाही ना?" मी सांगते, "एक दाणासुद्धा नाही." खोटं कुठे बोलले?

पोरगी जेवणानंतर गच्चीवर फेऱ्या मारते. तरी यंत्रातले आकडे उतरत नाहीत. रोज बोट टोचते आणि तोंड पाडून बसते. यंत्रच बिघडलं असणार.

५ डिसेंबर

आज माझ्या लेकीने माझी परीक्षा घेतली. काल सकाळी तिने माझी नेहमीची आंबील प्यायली, दोन तासांनी बोट टोचलं, आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला. आज सकाळी स्वतः स्वयंपाकघरात शिरली, तेवढ्याच पिठाची आंबील स्वतः केली, ताक, मीठ, जिरं घालून. दोन तासांनी पुन्हा टोचलं. मग मला हात धरून कॅलेंडरसमोर उभं केलं. काल एकशे अडुसष्ट. आज एकशे बारा.

"पीठ तेच, भांडं तेच, मी तीच," ती म्हणाली. "आता सांग, तू काय घालतेस?"

"गूळ. साखर नव्हे."

ती मटकन पाटावर बसली. मला वाटलं रडते. हसत होती. "आई, गूळ आधी उसाचा रस असतो की नाही? साखर पण उसाचीच. आडत्याच्या घरात जन्म काढलास तू! माझ्या पोटातल्याला कोण सांगणार, की बाबा रे, ही साखर नाही, हा आपल्या घरचा माल आहे?"

मी म्हटलं, "तुझं यंत्र बिघडलंय."

"मग तुझं बोट दे. बघू, तुझ्यावर चालतं का."

मी हात पदराखाली घेतला. मला भाजी फोडणीला टाकायची होती.

९ डिसेंबर

सोनोग्राफी झाली. बाळाचं पोट महिन्याच्या मानाने मोठं आहे. आणि हृदय बघणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावर बराच वेळ एकाच जागी बाणाची खूण फिरवत ठेवली. मग म्हणाले, हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा किंचित जाड दिसतोय. आईची साखर चढती असली की असं होऊ शकतं. साखर आवरली की बहुतेक वेळा जन्मानंतर उतरतं. पण आवरायला हवी.

डॉक्टर पोरीने इन्शुलिन सुरू केलं. मी विचारलं, "गूळ बंद केला तर नाही का भागणार?" ती म्हणाली, "गूळ तर बंदच. पण आता गूळ नसला तरी शरीर ऐकणार नाही, काकू. औषध लागेल. त्यात दानेश्वरीचा दोष नाही." दानीचं लक्ष कुठेच नव्हतं. ती पडद्याकडे बघत होती. तिथे ते चिमूटभर काळंपांढरं धडधडत होतं.

रिक्षात ती म्हणाली, "आई, माझ्या शरीराला साधं हेही जमू नये?"

घरी आले, डिंकाचे लाडू डब्यासकट आडतीतल्या हमालांना पाठवले. घरातल्या दोन ढेपा ह्यांना परत न्यायला लावल्या. हे दारात ढेप धरून उभे. म्हणाले, "अगं, चार पिढ्यांत आपल्या घरातून गूळ परत गेला नाही."

मी म्हटलं, "तुमच्या चार पिढ्यांनी पोटातलं हृदय पाहिलं नव्हतं. मी आज पाहिलं."

१५ डिसेंबर

मी इंजेक्शन द्यायला शिकले. दानी स्वतः घेऊ शकते, पण मी हट्ट धरला. सिस्टर ॲग्नेस दुमड शिवायला शिकवायच्या: कापड चिमटीत धरायचं, सुई न घाबरता आत घालायची. हात थरथरला तर टाका वाकडा. पेनासारखं ते इंजेक्शन हातात घेतल्यावर मला त्यांचा पांढऱ्या बाहीचा हात आठवला. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेलं इतक्या वर्षांनी पहिल्यांदा असं कामाला आलं. हाताला कंप नाही. दानी म्हणाली, "दुखलंच नाही की."

संध्याकाळी मैंदर्गीहून तिच्या सासूबाईंचा, शरणम्मांचा फोन. कुणी सांगितलं कोण जाणे.

"आक्का, पोरीला सुया टोचताय म्हनं? एकदा लागली की जन्माची सुटत न्हाई ती. आन् बाळाला लागती."

"बाळाला काही होत नाही, विहीणबाई. आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची सुटते."

"आमच्यात कुनी घेतली न्हाई."

"आमच्यातही नाही. दानी पहिली."

फोन ठेवल्यावर मला जरा अभिमानच वाटला. पहिली येण्याची तिला सवयच आहे.

२२ डिसेंबर

आज कुबस झाला. इतर लोक डोहाळजेवण म्हणतात तसंच, पण आमच्यात माहेरच्यांनी हिरवं लुगडं-चोळी द्यायची, आणि जमलेल्या प्रत्येक बाईने पोटुशीला गोडाचा घास भरवायचा. चाळीसेक बायका. चाळीस घास शेंगापोळीचे किंवा हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या गुळातल्या खिरीचे! मी आठवडाभर विचार केला, आणि चांदीच्या ताटात काकडीचे काप, भिजवलेले शेंगदाणे, पनीर आणि कढीपत्त्याची चटणी मांडली.

शरणम्मांनी ताटावरचा रुमाल उचलला.

"अगंबया! गुळाच्या आडतीत गुळाचा दुष्काळ पडला व्हय?"

मी म्हटलं, "पडला की. बाळंतपणापर्यंत राहील."

"पैल्या घासाला काकडी? माझ्या नातवाला काय गुरं-ढोरं समजलात?"

"ढोरं कडबा खातात, विहीणबाई. तुमच्या मैंदर्गीला काकडी खात असतील तर सांगा, आम्हालाही कळेल."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. शरणम्मांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. हुग्गी, वर तूप तरंगतंय. चमचा दानीच्या तोंडाजवळ नेला. दानीचे डोळे माझ्याकडे. सासूचा हात कसा परतवायचा? चाळीस बायका बघतायत.

मी उठले. इंजेक्शनचं पेन ओटीच्या ताटाशेजारीच ठेवलं होतं. म्हटलं, "थांबा, जेवणाआधी हे घ्यायचंय." हिरव्या लुगड्याचा पदर बाजूला केला, पोटाच्या कडेला चिमटीत कातडी धरली आणि सगळ्यांच्या देखत सुई दिली. एका म्हातारीने "शिव शिव" म्हणून डोळे झाकले. मी दहापर्यंत मोजून सुई काढली आणि शरणम्मांना म्हणाले, "बाळाच्या हृदयाचा पडदा जाड झालाय. हे त्याच्यासाठी आहे. आता तुम्ही ठरवा, चमचा कुठे न्यायचा."

शरणम्मांचा हात हवेतच. मग त्यांनी चमचा डब्यात ठेवला, काकडीचा काप उचलला, आणि दानीला भरवताना म्हणाल्या, "मीठ तरी लावायचं व्हतं की गं."

त्यांना मीठ आणून दिलं. तेवढं मी ऐकते.

१४ जानेवारी

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली. दानीला नंदीध्वज बघायचेच होते. ह्यांनी गर्दीपासून लांब एका ओट्यावर खुर्ची मांडून दिली. पांढऱ्या बाराबंदीतले तरुण तो उंच ध्वज पेलत येताना दानीने पोटावर हात ठेवला. लहानपणी मी तिला असंच कडेवर घेऊन उभी असायचे, आणि बायका मला म्हणायच्या, "सिद्धेश्वरी, पोरगी आहे का ढेप?" माझी कंबर दुखायची आणि मन भरून जायचं.

आकडे आता आवरलेत. बाळाची वाढही बेताची आहे म्हणतात.

मोरीत मुंग्या झाल्यात. दानीमुळेच असणार. इन्शुलिन चालू असूनही कशा येतात, कोण जाणे. ती आली तेव्हापासून बघते आहे. खरं तर त्याआधीपासून. बहुतेक थंडीच्या येत असतील.

२४ जानेवारी

मुलगी! आज सकाळी. दोघी सुखरूप. तीन किलो शंभर ग्रॅम.

जन्मल्या जन्मल्या तिच्या टाचेला टोचून साखर बघितली. आपल्या घराण्यातली आहे, पहिल्याच तासात बोट नाही तर टाच दिली, पण रडली मात्र छप्पर उडेल अशी. साखर ठीक. हृदयाचा पडदा आधीच्यापेक्षा पातळ झालाय, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. डॉक्टर पोरगी म्हणाली, "काकू, हे तुमचंही श्रेय." मी म्हटलं, "माहीत आहे."

शरणम्मा काचेतून बघत होत्या. "एष्ट सण्णद ऐति!" त्यांच्या तोंडून कानडीत निघून गेलं. एवढीशी! मग माझ्याकडे वळून मराठीत, "आईच्या निम्मीबी न्हाई की."

"आईच्या निम्म्याहून खूप जास्त आहे," मी म्हटलं. "हिशेब चुकवू नका."

२७ जानेवारी

दानी अजून हॉस्पिटलात, टाके आहेत. हे पहिल्या दिवसापासून तिथेच मुक्कामाला आहेत. मी अंघोळीपुरती घरी आले होते. पाच दिवस मोरी फक्त मीच वापरते आहे.

मुंग्या आहेत.

फिनेल टाकून धुतली. दोनदा.

४ फेब्रुवारी

आज तुळा झाली. धुळाप्पा तोलार सकाळीच आडतीतली पितळी तागडी चिंचेने घासून घेऊन आला. त्यानेच दानीला तोललं होतं, तेव्हा त्याला मिसरूड फुटत होती. ह्यांनी किलोकिलोच्या भेली रचून ठेवल्या. पाच. सवयीने.

बाळाला पारड्यात ठेवलं, तर शरणम्मा पुढे होऊन तिच्याभोवती एक दुपटं, मग दुसरं, मग एक गोधडी. वर चांदीचा वाटी-चमचा.

मी विचारलं, "हे काय?"

"थंडी हाय की."

"फेब्रुवारीत? सोलापुरात?"

"आक्का, लोक बघत्यात. चार तरी भरू दे की गं. नंतर मैंदर्गीत मी काय सांगू?"

त्यांचे डोळे ओले होते, म्हणून मला बोलायला जड गेलं. पण मी गोधडी काढली, दुपटी काढली, वाटी-चमचा काढला. बाळ अंगठा चोखत उघड्या पारड्यात निजलं. धुळाप्पाने पहिली भेली ठेवली आणि यार्डात पहिल्या मापाला म्हणतात तसा ओरडला, "लाभ!" मग "दोन!" मग "तीन!" आणि एक छोटा खडा. काटा मध्यावर आला. तो थांबला. सगळे चौथ्या भेलीकडे बघत होते.

"थांबलास कशाला? सांग की."

तो पुटपुटला, "तीन... आन् वर जरासं."

"मोठ्यानं सांग. माल चोरीचा आहे का?"

तो हसला आणि यार्डातल्या आवाजात ओरडला, "तीन आन् दोनशे!" मी त्याच्याही वर ओरडले, "तीन किलो दोनशे! ज्यांना पाच किलो पाहिजे त्यांनी आडतीत या, ढेपा तिथे मिळतात!"

ह्यांना ठसका लागला. शरणम्मा पदर तोंडाला लावून हसत होत्या की रडत होत्या, कळलं नाही. पण पारड्यातून बाळ त्यांनीच उचललं.

सगळे गेल्यावर ह्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बघून विचारलं, "हा आता उतरवायचा का?" मी म्हटलं, खबरदार. ती माझी दानी आहे. शेजारी खिळा ठोका, नातीचा लावायचा आहे.

५ फेब्रुवारी

सकाळी दानी बाळाला पाजत होती. तिचं इन्शुलिन सुटलंय, तरी बोट टोचून बघते. यंत्र उघडं होतं. मी शेजारी बसले, आणि माझं मलाच नवल वाटलं, पण पदराखालचा हात बाहेर काढला.

"तुझं यंत्र बिघडलंय का, ते बघ एकदा."

दानीने माझ्याकडे पाहिलं. बाळाला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने माझं बोट टोचलं. माझ्यापेक्षा तिचाच हात जास्त थरथरत होता. टाका वाकडा.

आकडा आला. तिने यंत्र माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "यंत्र चांगलं आहे."

मी म्हटलं, "दानी, मी तुला पुष्कळ दिलं बघ."

"दिलंस की. नाक दिलंस, राग दिलास, आणि..." तिने उशाशी पडलेली रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी बाजूला सारली. फोटोतली ती पावणेपाच किलोची पोर आमच्या दोघींकडे बघत होती.

आकडा मी इथे लिहीत नाही. मोठा होता. ह्या घरात मोठ्या आकड्यांचं आजवर फार कौतुक झालं, ह्याचं होणार नाही. उद्या त्या डॉक्टर पोरीला विचारून माझ्यासाठीचा डॉक्टर गाठते. बाळाच्या सहा महिन्यांच्या तपासणीला मला धडधाकट जायचंय, आणि तिला कडेवर घेऊन नंदीध्वज दाखवायचेत. तीन किलोची जन्मली आहे, कंबर दुखणार नाही.

दानी म्हणते, तीही उद्या येणार. मी म्हटलं, "तू ओली बाळंतीण, घरात बस."

ती म्हणाली, "तू माझं कधी ऐकलंस?"